खंडेनवमीचं पिस्तूल

१

"हे ते न्हाई."

निवृत्ती एवढंच बोलला अन् तेलाची चिंधी मांडीवर ठेवून दिली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शरणप्पा शेटच्या घरी दरसाल हेच चालायचं. देवघरातनं सागवानी पेटी बाहेर यायची, ओसरीच्या काठाला ठेवली जायची. निवृत्ती खाली पायरीवर बसून आतलं पिस्तूल काढायचा, पुसायचा, तेल द्यायचा, परत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पूजा.

पिस्तूल शेटच्या वडलांचं, गुरुबसप्पा अण्णांचं. रझाकारांच्या वक्ताला अण्णांनी करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर ते रोखलं अन् निजामाचे शिपाई बंदुका टाकून पळाले, ही गोष्ट कोरेवाडीत पाळण्यातल्या लेकरालाबी पाठ. पुढं सरकारनं त्याच्यातली गोळीला ठोका देणारी सुई काढून घेतली अन् पिस्तूल आठवण म्हणून घरी राहू दिलं. आता अण्णा न्हवते, पर खंडेनवमीला अर्धं गाव त्या पिस्तुलाच्या पाया पडायला यायचं.

यंदा तर जास्तीच. नवा जिल्हा अन् नवा दुष्काळ एकाच साली आलते. उस्मानाबादेतनं लातूर फुटला, अन् इकडं विहिरी तळाला गेल्या, ज्वारी कमरेएवढी होऊन वाळली. गावाकडं मिरवायला काही उरलं न्हवतं. तेवढ्यात सांगावा आला की नव्या कचेरीत मुक्तिसंग्रामाचं दालन होणार, अन् मधोमध काचेत आपल्या अण्णांचं पिस्तूल राहणार.

"काय म्हणला तू?" शेटचा पोरगा सिद्धेश्वर पुढं झाला. नांदेडला कॉलेजात होता, दसऱ्याला आलता.

निवृत्तीनं पेटी झाकून वर सारली. सारताना आत खट्ट वाजलं. तो शेटकडं बघत होता. शेट खांबाकडं बघत होते.

"आबा, काय झालं?" पंचशीलानं विचारलं. ही निवृत्तीची नात, सतरा-अठराची. आजाला भाकरी घेऊन आलती. नववीत मास्तर म्हणला, 'तू मागं बस', तवा दप्तर तिथंच टाकून ही जी घरी आली, ती परत शाळेच्या रस्त्याला गेली न्हाई. डोळा घारीचा अन् डोकं तव्यासारखं, लगेच तापायचं.

निवृत्तीनं तोंड उघडलं अन् मिटलं.

देवघरात पूजा करणारे जंगम, पंचाक्षरी स्वामी, जपमाळ थांबवून म्हणले, "ह्याचा अर्थ सरळ हाय. कुणीतरी अस्सल नेलं अन् नकली ठेवलं."

"नकली करणार कोण? हे काय विळा हाय का खुरपं?" सिद्धेश्वर म्हणला.

तरणेपणी नांदेडच्या जिनिंगात फिटर असलेला, मोडक्या इंजिनाचा भाग कानशीनं घासून नव्यासारखा करणारा माणूस ह्या पट्ट्यात एकच होता. ओसरीवरच्या सगळ्या नजरा हळूहळू त्याच्या हातावर येऊन थांबल्या.

२

तासाभरात निवृत्ती ठाण्याच्या कोठडीत होता. फौजदार हणमंतराव माणूस वाईट न्हवता. थकलेला होता. टँकरवरच्या हाणामाऱ्या सोडवता सोडवता त्याचा दसरा चाललाता.

"पोरी, तू घरी जा," तो म्हणला. "तुझा आजा कबूलबी करून न्हाई राहिला अन् नाकारूनबी न्हाई. निरपराध माणूस असा गप बसतो का?"

"अन् बोलणारे सगळे हुशार असतात का साहेब? तुम्ही तर कवापास्नं बोलूनच राहिलाव."

दारातल्या शिपायानं तोंड फिरवून हसू गिळलं.

"ऐक मग," हणमंतराव म्हणला. "दरसाल पिस्तूल त्याच्या ताब्यात येतं. गेल्या खंडेनवमीला त्यानं अस्सल लंपास केलं, आपल्या हातचं नकली ठेवलं. कुणाला कळलं न्हाई. आता दालनासाठी जाणकार लोक तपासणार. आपण सापडू, म्हणून स्वतःच ओरडला. उद्या पूजेचा दिवस जाऊ दे, परवा त्याला लातूरला धाडायचंय. अण्णांच्या पिस्तुलाचा चोर म्हणून नाव लागलं की जन्मभर पुसायचं न्हाई, हे मलाबी कळतंय. पर करू काय?"

आबाचं नाव म्हणजे तरी काय होतं? एवढंच, की निवृत्तीच्या हातची वस्तू दगा देत न्हाई. तेवढंच गेलं तर माणूस जिता राहून उपयोग काय?

पंचशीला तशीच बसली. अन् समोरच्या कोपऱ्यात तिला एक पितळी डबा दिसला. डब्याच्या झाकणावर शिवलिंग कोरलेलं.

"हा कुणाचा?"

"शेटच्या घरनं आलाय. तुझ्या आजाला जेवण."

"ज्याच्या घरी चोरी झाली तो चोराला जेवण धाडून राहिला?"

"मोठं घर हाय. दया असती एकेकाला."

पंचशीलानं मनात गाठ मारून ठेवली. मग म्हणली, "साहेब, पेटी वाजली. आबानं वर सारली तवा खट्ट झालं. दरसाल मी बघतेय, अण्णांचं पिस्तूल पेटीत घट्ट बसतं. आतला मखमली खड्डा त्याच्याच मापानं केलाय, काढायला नख घालावं लागतं. हे मात्र हलतंय. म्हणजे हे त्याच्याहून सडपातळ हाय."

हणमंतरावानं पेटी उघडली. हलवून बघितली. पिस्तूल खरंच ढिलं होतं. त्यानं ते उचललं, घोडा मागं ओढला, खिडकीच्या उजेडात डोळा बारीक करून बघितलं, अन् त्याच्या भुवया वर गेल्या.

"सुई जागेवर हाय," तो हळू म्हणला. "अण्णांच्या पिस्तुलाची तर सरकारनं काढलेली."

"नुसतं पेटीत ठेवायला नकली करणारा माणूस सुई कशाला बसवील?"

"तेच न."

"अन् साहेब, राग येऊ देऊ नका, पर हे नकलीच हाय असं तुम्हाला सांगितलं कुणी? स्वामींनी? स्वामी कवापास्नं पिस्तुलं वळखाय लागले?"

हणमंतरावाला राग आला. पर प्रश्न खरा होता. त्यानं उदगीरहून हत्याराचं बघणारा जुना हवालदार बोलवून घेतला. हवालदारानं पिस्तूल खोललं, एकेक भाग कागदावर मांडला, भिंग लावलं, मशीनच्या खुणा बोटानं चाचपल्या, परत जोडलं. घाम पुसला.

"साहेब," तो म्हणला, "हे नकली न्हाई. अस्सल विलायती हाय. वर्षानुवर्षं ग्रीस फासून जपून ठेवलेलं. असलं माझ्याबी हाताला कधी लागलं न्हाई."

३

"नोकरीत लई चोर बघितले," हणमंतराव कपाळ चोळत म्हणला. "महाग ठेवून स्वस्त नेणारा पहिलाच."

"स्वस्त नेलं हे कशावरनं?"

"अस्सल तर हे समोर पडलंय. मग अण्णांचं जे गेलं ते..." तो वाक्य पुरं करायला भ्याला. गावात हे बोललं असतं तर लोकांनी ठाणं पेटवलं असतं.

पंचशीलाला पुढचं ऐकायचं न्हवतं. ती उठून कोठडीच्या गजापाशी गेली. निवृत्ती भिंतीला टेकून बसलाता. डब्याला हात लावलेला न्हवता.

"आबा. अण्णांचं पिस्तूल तुमच्या हातचं होतं."

निवृत्तीनं वर बघितलं. असं बघितलं, जणू राखेतला निखारा कुणीतरी फुंकर घालून चेतवला.

"गप बस," तो म्हणला.

"तुम्ही गप बसलाव म्हणून तर ही पाळी. सांगा न त्यांना. मी तयार केलेलं मी कशाला चोरू, म्हणा."

"सांगितलं तर सुटीन मी. अण्णा अडकतील." लई हळू बोलत होता. "पेपरात येईल, गुरुबसप्पांचं पिस्तूल नकली. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत न्हाई. मी जिता हाय, मी सोसतो."

"अन् बदललं कुणी? तुम्हाला कळलंय."

निवृत्तीनं मान खाली घातली.

"कळलंय. म्हणूनच बोलून न्हाई राहिलाव."

"पंचे, तुला बाबासाहेबांची शपथ, कुणाला..."

"शपथ घालू नका आबा. मी पाळणार न्हाई अन् मग दोघांनाबी वाईट वाटंल."

ती गज सोडून मागं फिरली. डोळे जळत होते, पर रडू न्हवतं. तिला दिसत होत्या त्या सगळ्या खंडेनवम्या. बिल्ला लावलेले पुढारी, तालमीतले पैलवान, नव्या नवऱ्या, सगळे वाकून वाकून पाया पडतायत. अन् ज्याच्या हातानं ते घडलं तो पायरीवर बसून चिंधी धुतोय. एवढ्या वर्षांत एकदा, एकदा तरी तो म्हणला असता, अरे, हे माझं हाय. न्हाई म्हणला. असल्या माणसाला काय म्हणावं? वेडा म्हणावं का देवमाणूस म्हणावं, हे तिला त्या वक्ताला ठरवता येईना.

"साहेब," ती म्हणली, "मला शेटच्या घरी घेऊन चला. चोर तिथंच हाय."

"कशावरनं?"

"पिस्तुलावर बघा."

हणमंतरावानं बघितलं. मुठीच्या वर, चपट्या बाजूला, हाताळून पुसट झालेले पांढरे तीन पट्टे. भस्म.

"भस्म तर असणारच. पूजेतलं हाय ते."

"पूजेतलं ते होतं. हे न्हाई," पंचशीला म्हणली. "ह्याला भस्म लावलं कुणी, अन् कधी?"

४

अण्णांच्या मागं घरात मोठी म्हणजे त्यांची बायको, शेटची आई, नागुबाई अव्वा. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, कान तिखट.

"मागच्या महिन्यात औरंगाबादेहून एक साहेब आलता," तिनं सांगितलं. "दालनासाठी बघायला. शरणप्पानं पेटी दाखवली. त्या माणसानं मला न विचारता रुमालानं सगळं भस्म पुसलं की. मी म्हणलं, बाबा, असं करू नगं. तर म्हणला, आजी, खाली नक्षी दिसत न्हाई. मला लई लागलं ते."

"मग तुम्ही परत लावलं?"

"छ्या. भस्म स्वामींनी लावायचं, नवमीला. मी पेटीला हात लावत न्हाई."

पंचाक्षरी स्वामींनीबी कानावर हात ठेवले. "पूजा उद्या. मी आज लावीन कशाला? अन् कोरी वस्तू देवघरात राहिली हे मला कुणी सांगितलंबी न्हाई. कळलं असतं तर ठेवू दिली नसती."

सिद्धेश्वर दारात उभा होता, चेहऱ्यावर आठ्या. मोटरसायकलीसाठी बापाच्या मागं लागलाता, हे गावाला माहीत होतं.

"तो साहेब आला तवा तुम्ही होताव?" पंचशीलानं विचारलं.

"तू कोण विचारणार?"

"तिचा प्रश्न माझाच समज," हणमंतराव म्हणला.

"होतो. त्यांना आणायला मीच स्टँडवर गेलतो. त्यांनी पिस्तूल उघडून बघितलं, म्हणले, सुई काढलेली हाय, नियमाप्रमाणं हाय. मग एकाएकी गप झाले. अप्पाला म्हणले, जरा आत बोलू. दार लावून चहा झाला. जाताना म्हणले, दिवाळीनंतर परत येऊन नीट तपासतो." सिद्धेश्वर थांबला. "त्या दिवसापास्नं अप्पाचं जेवणात ध्यान न्हाई. बिलोलीकडं जाऊन आले. वसुलीला म्हणले."

पंचशीलानं फौजदाराकडं बघितलं. मागच्या महिन्यात सुई नसलेलं पिस्तूल पेटीत होतं. आज सुई असलेलं हाय. म्हणजे गेल्या खंडेनवमीची गोष्ट खोटी. अदलाबदल ह्या महिन्याभरातली. अन् ह्या महिन्याभरात आबा ह्या घराच्या पायरीलाबी आला न्हवता.

"चोर रातच्याला शिरला असंल," हणमंतराव पुटपुटला, पर आवाजात दम न्हवता.

शेट घरात न्हवते. दुकानात होते. भुसाराचं दुकान, गल्लीच्या तोंडाला. पांढऱ्या गादीवर, तक्क्याला टेकून बसलेले. दुष्काळात दुकानात माशीबी न्हवती, तरी निवृत्तीला नेल्यापास्नं हलले न्हवते. नोकरानं जेवायला बोलवलं, तर ताट तिथंच मागवलं म्हणे.

"या फौजदारसाहेब. बसा." हात जोडले, बसल्या जागीच.

"शेट, निवृत्तीबद्दल तुमचं काय मत?"

"तो चोर न्हाई," शेट घाईनं म्हणले. "मी तक्रार दिली न्हाई. स्वामींनी अन् पोरानं गलका केला. सोडून द्या त्याला."

"मग चोर कोण?"

शेटची बोटं गादीची शिवण कुरतडत होती.

तेवढ्यात मागनं खडावा वाजल्या. पंचाक्षरी स्वामी दुकानात आले. फौजदाराच्या मागोमाग त्यांनाबी राहवलं न्हवतं.

"शरणु शरणार्थी, स्वामी," शेट म्हणले. अन् बसल्या जागीच वाकले.

स्वामींचा पाय हवेत थांबला. ते शेटकडं बघतच राहिले. चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत दिली.

फौजदाराच्या लक्षात काही आलं न्हाई. पंचशीलाच्या आलं. ह्याच दुकानात तिनं कितींदा बघितलंता. स्वामी लांब दिसले तरी शेट गल्ला उघडा टाकून पळत यायचे, भर रस्त्यात त्यांच्या पायावर डोकं ठेवायचे. चिखल असो, गिऱ्हाईक असो, जिल्ह्याचा पुढारी बसलेला असो. आज उठले न्हाईत.

"साहेब," ती म्हणली, "अव्वाला अन् सिद्धेश्वरला इथंच बोलवा. मला चोर सापडला."

५

सगळे आले. नोकर बाहेर थांबला. पंचशीला उंबऱ्याच्या आत उभी राहिली, कुणी ये म्हणायची वाट न बघता.

"मी शाळा सोडलेली हाय," ती म्हणली. "चुकले तर साहेब दुरुस्त करतील. पहिली गोष्ट, भस्म. चोर बाहेरचा असता तर वस्तू ठेवून पळाला असता. पर ह्या चोराचा देवघरात कोरं पिस्तूल ठेवायला हात धजंना, म्हणून त्याला भस्म लावलं. तीन बोटं, नीट, आडवी. चोरी करताना ज्याला देवघराची रीत मोडवली न्हाई, तो ह्या घरचा हाय. आमच्या घरात कुणी भस्म लावत न्हाई. आबाच्या डोक्यातबी ते आलं नसतं."

अव्वानं पदर सावरला.

"दुसरी गोष्ट. चोरी कशासाठी करतात? घरात काही यावं म्हणून. सिद्धेश्वरला मोटरसायकल पाहिजे. त्याच्या हाती अस्सल विलायती पिस्तूल आलं असतं तर त्यानं विकलं असतं, पेटीत ठेवलं नसतं."

"ए..." सिद्धेश्वर गुरगुरला.

"थांबा की. तुम्हाला सोडूनच राहिले मी. स्वामी भिक्षेवर जगतात, असली वस्तू ते आणणार कुठनं? ह्या चोरीत चोर गरीब झालाय. लई मोठी वस्तू घरात आणून ठेवली, अन् अण्णांचं नेलं, जे अस्सलच न्हाई."

"जीभ सांभाळ," सिद्धेश्वर पुढं आला. "अण्णांचं पिस्तूल..."

"माझ्या आजाच्या हातचं होतं," पंचशीला म्हणली. "अन् औरंगाबादच्या साहेबानं ते वळखलं. दार लावून तेच सांगितलं. मग असा कोण हाय, ज्याला पदरचं घालून ही चोरी करायची गरज पडली? ज्याला वाटलं, जगासमोर माझ्या बापाचं पिस्तूल नकली निघालं तर बापच नकली ठरंल."



"राहिली वस्तू कुठं हाय. यंदा विहिरीत टाकायची सोय न्हाई, सगळ्या विहिरींच्या तळात माणसं गाळ काढून राहिलेत. पुरायची हिंमत न्हाई, कारण बापाची वस्तू. घरात अव्वाचे डोळे. मग ती अशा जागी ठेवावी लागती, जिथनं मालक उठलाच न्हाई तर कुणी बघणार न्हाई." ती शेटकडं वळली. "शेट, स्वामी आले अन् तुम्ही उठलाव न्हाई. तुमच्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असंल."

शरणप्पा शेटनी डोळे मिटले. मग दोन्ही हात टेकून उठले, गुडघ्यावर बसून गादीची शिवण उसवली, अन् कापसातनं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पिस्तूल काढलं.

६

"बिलोलीकडच्या एका जुन्या घराण्यात तसलंच होतं," शेट म्हणले. "वाटलं, गुपचूप बदलून टाकावं. दालनात अस्सल जाईल, अण्णांचं नाव राहील. निवृत्ती वळखील हे ध्यानात आलं न्हाई. अन् त्याला धरून नेलं तवा... तवा मी खांबाकडं बघत राहिलो." त्यांनी फडकं फौजदारापुढं सारलं. "त्यानं मला वळखलं होतं साहेब. पायरीवर बसल्या जागीच. तरी बोलला न्हाई."

हणमंतरावानं ठाण्यातनं आणलेलं विलायती अन् हे, दोन्ही पिस्तुलं गादीवर शेजारी शेजारी ठेवली. एक सडपातळ, काळं, गुळगुळीत. दुसरं थोडं जाड, मुठीच्या कडेला कानशीचे बारीक ओरखडे, पर ऐटीत. संगं आलेल्या उदगीरच्या हवालदारानं ते उचललं, घोडा ओढला, सोडला, परत ओढला. 'टक्' असा कोरडा आवाज आला.

"ह्या आवाजाला नाव ठेवायला जागा न्हाई," तो म्हणला. "हातानं केलंय हे? कुठल्या मशीनवर?"

"मशीन कुठलं आलं मुक्तिसंग्रामाच्या छावणीत," नागुबाई अव्वा बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून बसली होती. "शरणप्पा, तुला बापाची गोष्ट गावानं सांगितली. मला विचारायचं होतंस. मी भाकऱ्या घेऊन जात होते त्या छावणीवर."

"अव्वा, तुला ठाऊक होतं?"

"नाक्यावर जायच्या दिवशी छावणीत दोन पिस्तुलं होती. एक विलायती, एक निवरतीनं केलेलं. तुझा बाप म्होरक्या, पहिली निवड त्याची. त्यानं निवरतीचं उचललं. पोरं हसली, म्हणली, अण्णा, अस्सल सोडून हे? तर हा म्हणला, विलायती अडकलं तर त्याचा मिस्त्री विलायतेत. हे अडकलं तर मिस्त्री माझ्या बाजूला बसलाय. अन् खरंच निवरती बाजूला होता, नाक्यावर, पहिल्या फळीत. विलायती दुसऱ्या तुकडीला दिलं, ते पुढं नदीत गेलं. लोकांनी मागनं गोष्ट रंगवली. तुझा बाप दोन-चारदा म्हणला, अरे, ते निवरतीचं हाय. कुणाला ऐकायचं न्हवतं. महाराचं पिस्तूल पुजायला कुणाचं मन होत न्हवतं, म्हणून सगळ्यांनी मिळून ते विलायती केलं. मीबी गप बसले. माझंबी त्यात पाप हाय."

स्वामींनी जपमाळ मुठीत गच्च धरली.

हणमंतराव खाकरला. "शेट, ह्यातलं एक लातूरला जाईल. एक माझ्याकडं जमा होईल. हे विलायती बिनपरवान्याचं, सुईसकट. हे माझ्याकडं जमा झालं की गुन्हा तुमच्यावर. दुसरं लातूरला गेलं की अण्णांची गोष्ट बदलणार. विचार करून सांगा, कोणतं कुठं?"

शेटनी विचार केला न्हाई. विलायती पिस्तूल उचललं अन् फौजदाराच्या हातात दिलं.

"गुन्हा नोंदवा," ते म्हणले. "अन् आधी निवृत्तीमामाला आणा. न्हाई, मीच येतो."

दालन उघडलं तवा दिवाळी होऊन गेलती. शेट जामिनावर होते, पर आलते. अव्वा आली, गाव आलं. निवृत्तीनं पांढरा सदरा घातलाता, पंचशीलानं इस्त्री केलेला. काचेत जाड, ओरखड्याचं पिस्तूल ठेवलेलं अन् शेजारी दोन नावं, सारख्याच अक्षरात. गुरुबसप्पांचं अन् निवृत्तीचं.

फीत कापून झाल्यावर मोठे साहेब काचेपाशी वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणले, "बाबा, खरं सांगा. ना मशीन, ना नकाशा. हे केलंत कसं?"

पंचशीलाला आबा ठाऊक होता. आता तो मान खाली घालणार, 'झालं साहेब' म्हणणार अन् गर्दीच्या मागं जाऊन उभा राहणार. तिचं डोकं आधीच तापाय लागलं.

निवृत्तीनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. काचेवर एक बोट ठेवलं.

"ही नळी बघा साहेब," तो म्हणला. "जिनिंगच्या मशीनचा मोडका दांडा होता. उमरखेडहून बैलगाडीत, वैरणीखाली घालून आणला. तापवायला कोळसा न्हवता. बाभळीची मुळं खणून काढली आम्ही. अण्णा स्वतः भाता ओढायचे. पहिली नळी फाटली. दुसरीबी फाटली. तवा मी रडलो, खरं सांगतो. मग अण्णा म्हणले..."

साहेबांनी घड्याळाकडं बघणाऱ्या शिपायाला हातानं थांबवलं. लोक पुढं सरकले. मागचे टाचा वर करून ऐकू लागले. भाषणाची वेळ टळली, चहा निवला, अन् निवृत्ती बोलतच राहिला.